शाईची तार

बियाण्याच्या पाकिटाच्या खालच्या कडेला बारीक ठिपक्यांनी उमटवलेले आकडे असतात. लॉट नंबर, पॅकिंगची तारीख, किंमत. घेणारा किंमत बघतो, नाक मुरडतो आणि पाकीट पिशवीत टाकतो. मी आधी आठाचा आकडा शोधते. आठाची दोन्ही पोटं मोकळी असली तर शाई चांगली जमली आहे. पोटं बुजलेली असली, किंवा ठिपक्यांना बेडकाच्या पिल्लांसारख्या शेपट्या फुटल्या असल्या, तर शाई बिघडलेली. माझ्या हातात पाकीट उलटंपालटं होताना बघून दुकानदार विचारतात, "ताई, काय बघून राह्यल्या?" मी म्हणते, काही नाही. खरं सांगायला बसले तर त्यांची दुकान बंद करायची वेळ होईल. पण इथं सांगते. या ठिपक्यांपायी माझ्या नवऱ्याचे हात गेले.

तुटले नाहीत. दिसायला आजही आहेत. आतून गेले.

आमचे हे वडीगोद्रीजवळच्या शेतकरी घरातले. थोरल्या भावानं शेती घेतली, यांनी रसायनशास्त्रातली बी.एस्सी.ची डिग्री घेतली. डिग्रीला शेतात काही काम नव्हतं, म्हणून जालन्याला आले आणि बियाण्याच्या एका कंपनीत पॅकिंगवर लागले. आमचं लग्न झालं तेव्हा पाकिटांवर रबरी शिक्के मारायचे. बायका रांगेनं बसून दिवसभर ठप ठप करत राहायच्या आणि संध्याकाळी जांभळे तळवे घेऊन घरी जायच्या. नव्वद साल उलटल्यावर केव्हातरी त्यांच्या जागी शाई फेकणारं मशीन आलं.

त्या मशीनच्या डोक्यात केसाहून बारीक भोक असतं. त्यातून शाईची धार सुटते आणि थोडी पुढं गेल्यावर थेंबाथेंबांत तुटते. प्रत्येक थेंबाला विजेचा कमीजास्त भार देऊन मशीन त्याला हवं तिकडं वळवतं. पाकीट समोरून पळत असतं, त्याला कशाचा स्पर्शही होत नाही, आणि त्यावर आकडे उमटतात. ज्या थेंबांचं काम नसतं ते समोरच्या नळीत पडून परत टाकीत जातात. मला पहिल्यांदा ती करणी वाटली. यांचं मात्र त्या मशीनवर प्रेम बसलं. माझ्यावर बसलं होतं त्याहून जास्त, असं मी चेष्टेनं म्हणायचे, आणि हे नाही म्हणायचे नाहीत.

शाई बाहेरून यायची, मुंबईमार्गे. पेरणीच्या आधी, ऐन उन्हाळ्यात पॅकिंगची झुंबड असते, आणि नेमकी तेव्हाच शाई संपायची. कंपनीला रिकामी पाकिटं पुरवणारे एक शेठजी होते. आजोबांच्या काळी राजस्थानातून आलेलं घराणं, पण बोलणं आमच्याहून जास्त इथलं. ते यांना म्हणाले, "साहेब, तुम्ही केमिस्ट्रीचे मानूस. शाई म्हंजे काय अमृत हाय का? आपन बनवू." जागा आणि माल शेठजींचा, डोकं आणि हात यांचे, असं ठरलं. एमआयडीसीत पत्र्याची एक शेड मिळाली. यांनी नोकरी सोडली. मी डबा घेऊन जायचे ती संध्याकाळपर्यंत तिथंच बसून बाटल्यांना लेबलं लावायचे.

शाई म्हणजे तीन गोष्टी. रंग, तो रंग पाकिटाला चिकटवून ठेवणारं रेझिन, आणि दोन्ही विरघळवणारा एमईके नावाचा द्रव. पाण्यासारखा दिसतो, वास नेलपॉलिश काढायच्या औषधासारखा उग्र, आणि उघडा ठेवला की डोळ्यांदेखत उडून जातो. त्यानं उडून जायलाच हवं असतं, कारण पाकिटावर पडल्यापडल्या ठिपका वाळला पाहिजे. रेझिन घातलं नाही तर आकडे अंगठ्यानं पुसले जातात. घातलं की आमचं घोडं अडायचं.

रेझिनचा रेणू म्हणजे एक लांबलचक साखळी. हे मला जेवताना ताटातल्या शेवया उचलून दाखवायचे. परदेशी शाईतलं रेझिन आखूड साखळ्यांचं होतं, शेठजींनी स्वस्तात मिळवलेलं देशी रेझिन लांब साखळ्यांचं. विरघळल्यावर दोन्ही शाया सारख्याच पातळ दिसायच्या. तळाला भोक असलेल्या कपातून शाई किती वेळात गळते ते यांनी घड्याळ लावून पाहिलं. दोन्ही सारख्याच वेळात गळाल्या. हे खूश झाले, शाई मशीनला लावली, आणि आठाची पोटं बुजली.

धार थेंबांत तुटायला बघायची, पण दोन थेंबांच्या मध्ये एक बारीक तार राहायची. ती ताणली जायची पण तुटायची नाही. तुटली तरी उशिरा, आणि तुटताना तिचेच आणखी बारीक थेंब व्हायचे. हे त्यांना पिल्लं म्हणायचे. पिल्लांना वजन नाही, वळण नाही. ती भलतीकडंच जाऊन पडायची, मशीनच्या डोक्यावर साचायची, भोक बुजवायची. रेझिन कमी केलं तर आकडे पुसले जायचे, वाढवलं तर तार लांबायची. सकाळच्या थंडीत शाई जाड, दुपारी द्रव उडून गेला म्हणून पुन्हा जाड. हे घरी यायचे ते चिडलेले. मी भाजीत मीठ कमी पडलं का विचारलं तरी उत्तर तारेबद्दल मिळायचं.

माझं माहेर जाफराबादचं. वडील पाडव्याआधी साखरेच्या गाठी करायचे. त्यांच्याकडं थर्मामीटर नव्हता, लागतही नव्हता. अंगठा आणि शेजारचं बोट यांत पाक धरायचा आणि बोटं उघडायची. एकतारी झाला, दोनतारी झाला. एका पाडव्याला आम्ही माहेरी गेलो असताना हे भट्टीजवळ उभे राहून बघत होते. बघता बघता यांचा चेहरा असा उजळला की मला वाटलं सासऱ्यांनी दुसऱ्यांदा आहेर केला.

"कप वाहनं मोजतो," हे मला म्हणाले, "ताणनं मोजत न्हाई. ताणनं मोजायला बोट पाहिजे."

कुणी म्हणेल, म्हणजे सुरुवात तुझ्या माहेरात झाली. म्हणो बापडे. पाकानं कुणाचे हात गेल्याचं मी ऐकलेलं नाही.

त्या दिवसापासून प्रत्येक घाण्याला बोट. शाईत दोन बोटं बुडवायची, वर काढायची, उघडायची, तार किती लांब होते आणि कशी तुटते ते बघायचं. पुन्हा बुडवायची. पाकात बोट वारंवार घालता येत नाही, चटका बसतो. शाई गार, मऊ आणि मवाळ. तिनं कधी चटका दिला नाही, हीच तिची लबाडी.

तारेवरचा इलाज शेठजींच्या चुलतभावाच्या गिरणीत सापडला. जालन्यात सरकीचं तेल काढणाऱ्या गिरण्या आहेत. पेंडीत अडकलेलं शेवटचं तेल सोडवून घ्यायला तिथं हेक्झेन नावाचा द्रव वापरतात, पेट्रोलच्या भावंडासारखा. यांनी त्याचा एक डबा मागून आणला. यांचं म्हणणं असं, की एमईके रेझिनला मानवतो, म्हणून साखळ्या त्यात हातपाय पसरून पडतात आणि ओढल्या की लांब होतात. हेक्झेन त्यांना बिलकुल मानवत नाही. तो थोडा घातला की त्या गुडघे पोटाशी घेऊन बसतील, मग तार लांबेल कशी? पण जास्त झाला तर शाई दुधासारखी फाटायची, रेझिन चोथा होऊन तळाला बसायचं. म्हणजे फाटायच्या जरा अलीकडं थांबायचं. ते अलीकडं कुठं, हे रेझिनच्या प्रत्येक पोत्याला वेगळं. तिथं कप उपयोगाचा नाही आणि घड्याळही नाही. पुन्हा बोटच.

आणि जमलं. आठाची दोन्ही पोटं मोकळी, कडा स्वच्छ, एकही पिल्लू नाही. हे पाकीट घेऊन घरी आले आणि देवापुढं ठेवलं. मी म्हटलं, देवाला बी पेरायचंय का? पण मलाही आनंद झाला होता. नवरा खुशीत असला की घरातली भांडीसुद्धा कमी आपटतात.

मी शेठजींना एकदा विचारलं होतं, की या नव्या द्रवाचा वास डोक्यात जातो, काही अपाय तर नाही ना. शेठजी हसले. "वहिनी, ज्यानं काढलेलं तेल आपन रोज खातो, त्याच्यात काय जहर असंल?" मला ते पटलं. जालन्यात कुणालाही पटलं असतं. त्याच तेलात आम्ही पुऱ्या तळत होतो.

दुसरी गोष्ट गुपिताची. या बाजारात कुणी आपला मसाला सांगत नाही. लोणचेवाला सांगत नाही, पानवाला सांगत नाही, मग शाईवाल्यानं का सांगावं? हेक्झेनच्या पिंपांवरची लेबलं हे स्वतः खरवडून काढायचे. शेडचं दार बंद ठेवायचे. एक म्हणजे कुणी बघू नये, दुसरं म्हणजे वाऱ्यानं द्रव उडतो, आणि तिसरं, शेजारच्या कारखान्यांतल्या लोखंडाच्या भट्ट्यांची काजळी शाईत पडते. तीन कारणं, तिन्ही बरोबर. पत्र्याखालच्या वैशाखात, दार लावून, हे दिवसभर तारा काढत बसायचे. मी उंबऱ्याशी बसायचे, मला आत बसवायचं नाही. संध्याकाळी हे घरी यायचे ते जरा झिंगल्यासारखे, जेवण नको म्हणायचे. मी म्हणायचे, बाटली न घेता चढायला लागली, खर्च वाचला.

पुढच्या उन्हाळ्यात एके दिवशी हे एकाच पायात चप्पल घालून घरी आले. दुसरी रस्त्यात कुठं गळाली ते यांना कळलं नव्हतं. मी पोट धरून हसले. चार दिवसांनी पुन्हा तेच. मग सदऱ्याची बटणं लावायला वेळ लागायला लागला. मग बाटलीचं झाकण फिरेना. पोटऱ्या बारीक झाल्या, चालताना पाय आपटत पडायला लागला. हसणं कधी थांबलं ते आठवत नाही.

सगळ्यात वाईट गोष्ट मी शेडमध्ये पाहिली. यांना आता बोटाला तार कळत नव्हती. चिकटपणा नाही, ओढ नाही, काही नाही. म्हणून हे ती तार डोळ्यांनी बघायला लागले होते. बोटं उचलून थेट तोंडापुढं धरायची, नाकाच्या शेंड्याशी, आणि डोळे बारीक करून ती तुटायची वाट बघायची. दोन बोटांनी भागेना तेव्हा चारी बुडवायला लागले. जितकं कळत नव्हतं तितकं जास्त बुडवत होते. मी म्हटलं, अहो, पुरे आता. तर म्हणाले, "सीझन जाऊ दे."

गल्लीतल्या डॉक्टरांनी साखर तपासली. साखर नव्हती. शक्तीची इंजेक्शनं दिली. मग शेठजी स्वतः त्यांच्या जीपमधून कुष्ठरोगाचं काम बघणाऱ्या एका माणसाला घेऊन घरी आले. शेठजी वाईट माणूस नव्हते, हे मला लिहिलंच पाहिजे. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. त्या माणसानं यांना डोळे मिटायला सांगितले आणि पिसानं, टाचणीनं हातपाय तपासले. कुठं लागतंय ते सांगा. यांना मनगटापर्यंत आणि गुडघ्याखाली काहीच लागत नव्हतं. टाचणीनं रक्ताचा ठिपका आला तरी हे डोळे मिटून वाट बघत होते. मी भिंतीकडं तोंड केलं.

"चट्टा न्हाई दिसत," तो माणूस म्हणाला, "पण बिगर चट्ट्याचा पण असतो."

काय असतो ते त्यानं दारात चपला घालताना हळू आवाजात सांगितलं. हळू आवाजातली गोष्ट गल्लीत जितकी जल्दी जाते तितकी मोठ्या आवाजातली जात नाही.

गोळ्या सुरू झाल्या. लघवी लाल व्हायला लागली, कातडी काळवंडली. गोळ्यांचा गुण तो, पण बघणाऱ्याला पुरावा मिळाला. संक्रांतीला शेजारच्या काकूंनी अख्ख्या गल्लीला हळदीकुंकवाला बोलावलं, मधलं आमचं एक दार सोडून. मी खिडकीतून त्यांच्याकडं जाणाऱ्या बायका बघत होते. गावाकडं गेलो तर जाऊबाईंनी यांना कानाचा टवका उडालेल्या कपात चहा दिला आणि निघताना तो कप घरात नेला नाही, गोठ्याच्या भिंतीवर ठेवला. कुणी म्हणालं, जांबला जाऊन या, समर्थांच्या जन्मगावी डोकं टेकवा. आम्ही जाऊन आलो. देवळात तरी कुणी लांब सरकलं नाही.

आणि शेड चालूच होती. "गोळ्या चालू हायेत ना, मंग काम काहून बंद करू?" उलट हे जास्त वेळ तिथं बसायला लागले. दार लावलेल्या शेडमध्ये यांच्याकडं बघणारं कुणी नव्हतं. मला याचा आजही संताप येतो, आणि तो कुणावर काढावा ते कळत नाही. लोकांनी यांना जिथं ढकललं तीच जागा यांना मारत होती.

पावसाळ्यात हे दोनदा जिन्यावरून पडले तेव्हा मी कुणाचं ऐकलं नाही आणि यांना औरंगाबादच्या मोठ्या दवाखान्यात घेऊन गेले. तिथं नसांची तपासणी झाली, सुया टोचून, विजेचे झटके देऊन. डॉक्टरांनी कागद बघितले, चष्मा वर केला आणि एक प्रश्न विचारला, जो तोवर कुणीच विचारला नव्हता.

"काम काय करता तुम्ही?"

"छपाईचं."

"म्हणजे नक्की काय?"

"शाई करतो."

"शाईत काय काय घालता?"

यांनी खोलीत बसलेल्या दुसऱ्या दोन पेशंटकडं पाहिलं आणि म्हणाले, "ते सांगता येत न्हाई साहेब. धंद्याची गोष्ट हाय."

माझ्या डोक्यात सणक गेली. माणूस पडत-झडत इथवर आला, आणि वाचवायचं काय, तर शाई! मी म्हणाले, "एमईके आणि हेक्झेन. हेक्झेन तेलाच्या गिरणीतला. रोज हातानं ढवळतात, दार लावून."

यांनी माझ्याकडं असं पाहिलं जसं मी यांनाच विकून टाकलं.

डॉक्टर सावकाश बोलले, दोघांना कळेल असं. हेक्झेन नसा मारतो. एमईके एकटा असताना तसा फारसा त्रास देत नाही, पण हेक्झेनच्या जोडीला असला की त्याचं विष वाढवतो. हा महारोग नाही. गोळ्यांची गरज नव्हती. "आमी त्याचं तेल खातो साहेब," हे म्हणाले. डॉक्टर म्हणाले, "तेलातून तो काढून टाकतात. तुमच्या शेडमधून कोण काढतं?" मग म्हणाले, काम आजपासून बंद. बंद केल्यावरही काही महिने दुखणं वाढत जाईल, घाबरू नका, या विषाची रीतच तशी आहे. त्यानंतर उतरायला लागेल. किती उतरेल ते सांगता येत नाही.

परतीच्या एसटीत बदनापूर आलं. हे खिडकीकडं बघत म्हणाले, "ते दोघं पेशंट बियाण्याच्या कंपनीतले असते तर?"

"असते तर त्यांचे हात वाचले असते," मी म्हणाले.

घरी आल्यावर मी शेजारच्या काकूंना अडवून सांगितलं, महारोग नाही, मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं. काकू म्हणाल्या, "हो का? बरं झालं बाई." आणि पदर सावरत आत गेल्या. पुढच्या संक्रांतीलाही बोलावणं आलं नाही.

शेडला मी माझं कुलूप लावलं आणि किल्ली जाफराबादला भावाकडं पाठवून दिली. मग डॉक्टरांनी सांगितलं होतं तसंच झालं. दुखणं वाढलं. काम बंद, वास बंद, शाईत बोट घालणं बंद, आणि हे दिवसेंदिवस खचत चालले. चमचा धरता येईना, मी भरवायचे. संडासला दोन्ही बगलांत धरून न्यायचे. हे रोज म्हणायचे, "पाहिलं? घरी बसलो तरी वाढूनच राह्यलं. शाईचा काय कसूर होता? तू माझा धंदा बंद केला." डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं हे मी सांगायचे, ओरडून सांगायचे. पण ज्याला स्वतःचे पाय जाताना दिसतात त्याला ऐकलेलं काय कामाचं? मलाही रात्री शंका यायची. डॉक्टर चुकले असतील तर? खरंच तो दुसरा रोग असेल तर? आणि मी गोळ्याही बंद केल्या आणि पोटापाण्याचा धंदाही.

एका दुपारी मी दळण आणायला गेले तेव्हा हे भिंतीला धरून बाहेर पडले, शेडकडं जायला. चौकात पडले. रिक्षावाल्यानं ओळखीच्या माणसाकडून पत्ता विचारून घरी आणून सोडलं, पण हात लावून उतरवलं नाही. रिक्षात बसून मला हाक मारली. मी यांना आत ओढून घेतलं आणि त्या दिवशी जे बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. बोलून झाल्यावर दोघंही रडलो, तेही एकमेकांकडं पाठ करून.

थंडी पडली तेव्हा एका सकाळी हे पलंगावरून पाय खाली सोडून बसले होते. मला हाक मारली. "फरशी गार लागून राह्यली," म्हणाले. मी चहाचं आधण तसंच उकळत सोडून आले आणि यांच्या पायाशी खाली बसले. कुठं लागते, इथं की इथं, असं बोटाबोटाला विचारत होते. वेड्यासारखं. दोन बोटांना लागत होती. त्या दिवशी मला खात्री पटली की डॉक्टर बरोबर होते.

पाय हळूहळू परत आले, पूर्ण नाही, काठीपुरते. हात आले नाहीत. अंगठा आणि शेजारच्या बोटाच्या मधे मांस असतं, तिथं यांच्या दोन्ही हातांना खड्डा आहे. बटणांच्या जागी मी सदऱ्यांना चिकटपट्ट्या शिवल्या.

मधल्या काळात शेठजी फळं घेऊन आले होते. शेड चालू करायची म्हणाले, दुसरा माणूस मिळालाय, फक्त प्रमाण हवं. मी त्यांना डॉक्टरांनी सांगितलेलं सगळं सांगितलं. ते ऐकून म्हणाले, "वहिनी, डॉक्टर लोक काहीबी सांगतात. भावाच्या गिरणीत वर्षानुवर्षं मानसं काम करून राह्यली, सगळी ठणठणीत." गिरणीतली यंत्रं बंदिस्त असतात आणि तिथं एमईके नसतो, हे मला तेव्हा बोलायला सुचलं नाही. यांनी पलंगावर पडल्यापडल्या प्रमाण सांगून टाकलं. म्हणे, आपली शाई मेली नाही पाहिजे. किल्ली मात्र मी दिली नाही. शेठजींनी कुलूप तोडून घेतलं.

पाय चालायला लागल्यावर मी यांच्या मागं लागले. त्या नव्या माणसाला जाऊन सांगा. शेठजी ऐकत नाहीत, तो ऐकेल, त्याच्या स्वतःच्या हातांचा प्रश्न आहे. हे टाळायचे. दुसऱ्याच्या हातची आपली शाई यांना बघवणार नव्हती, असा माझा अंदाज. मग एके दिवशी जेवण झाल्यावर आपणहून काठी घेतली आणि म्हणाले, "चल."

शेडचं दार लावलेलं होतं. आम्ही वाजवलं. तिशीचा, गोरटेला, हसऱ्या चेहऱ्याचा माणूस बाहेर आला. आम्ही कोण ते सांगितल्यावर दोन पावलं मागं झाला. बोलण्यावरून माझ्या माहेरकडचा निघाला, मला ताई म्हणायला लागला. दोन खुर्च्या बाहेर लिंबाच्या सावलीत ठेवल्या, स्वतः दारातच उभा राहिला. कोपऱ्यावरून चहा मागवला. स्वतःला काचेच्या ग्लासात घेतला आणि आम्हाला प्लास्टिकच्या फेकायच्या कपांत ओतून दिला. मला तेव्हाच समजायला हवं होतं.

हे बोलायला लागले. जन्मभर जपलेली गोष्ट, लेबलं खरवडून लपवलेली, यांनी उघड्या रस्त्यावर त्या माणसाला नावानिशी सांगितली. हेक्झेन काय करतो, एमईके त्याला कशी साथ देतो, आधी चप्पल गळते, मग बटण लागत नाही. असं सलग बोलताना मी यांना लग्नानंतर पहिल्यांदाच ऐकत होते. मला अभिमान वाटला. तो माणूस मान हलवत होता, पण त्याचं लक्ष बोलण्यावर नव्हतं, यांच्या बोटांवर होतं.

"खोटं वाटत असंल तर हे पाह्य," हे म्हणाले आणि काठी मांडीवर ठेवून दोन्ही हात त्याच्यापुढं केले.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. तो एकदम शेडच्या आत सरकला.

"राहू द्या साहेब," तो म्हणाला. "मला शेठनी सगळं सांगितलंय. तुम्हाला तो रोग झाल्ता, म्हणून काम सुटलं. देव बरं करंल. गोळ्या सोडू नका."

मी म्हणाले, अरे बाबा, तो रोग नाही, ऐक जरा. माझा आवाज चढला. जितका चढला तितका तो कळवळून "हो ताई, हो ताई" म्हणत राहिला, जसं भ्रमिष्टाला म्हणतात. यांनी हात खाली घेतले.

आम्ही उठलो. फाटकापर्यंत जायला यांना वेळ लागतो, म्हणून मी एकदा मागं वळून बघितलं. आम्ही प्यायलेले दोन कप त्यानं चिमटीत उचलून भिंतीपलीकडं टाकले. मग दाराआड ठेवलेल्या, लेबल खरवडलेल्या पिंपाचं झाकण काढलं, त्या कपांना लागलेले हात त्यात मनगटापर्यंत बुडवले आणि चोळून चोळून स्वच्छ धुतले.